आपल्याकडे तिजोरी आहे

...आणि वर मलाच विचारतात, "का गं, स्वयंपाकघरात बसून कसला अभ्यास करतेस?" आता काय सांगू? माझं टेबल बाहेरच्या खोलीत होतं, खिडकीपाशी, चांगलं उजेडात. तिथे आता तिजोरी आहे. टेबल आलं आत, गॅस आणि पाण्याच्या पिंपाच्या मधे, आणि माझ्या भूगोलाच्या वहीत जी बेटं दिसतात ना, ज्यांना बाईंनी बरोबरची खूण केली, ते तेलाचे डाग आहेत.

खरं तर मी चारचौघांत बोलणारी मुलगी नाही. हजेरीला "हजर" म्हणायलासुद्धा मी शेजारच्या मुलीला ढोसते. पण तुम्हाला सांगते, काही गोष्टी पोटात ठेवून ठेवून पोट दुखायला लागतं, आणि ही तर लोखंडाची आहे, माझ्याहून उंच, काळपट हिरवी, पुढे आकड्यांची गोल चकती आणि जाड मूठ, आणि आमच्याकडे येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तिच्याकडे बघून छाती फुगवतो आणि म्हणतो, "चिंता नाही. आपल्याकडे तिजोरी आहे."

आहे ना. तिजोरी आहे. तिजोरीत काय आहे ते विचारा... नको, विचारू नका, मीच सांगते, पण पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल आमच्या बाबांनीच काही केलं. बाबा इतके प्रामाणिक आहेत की युनियनच्या पेनाने किराण्याची यादीसुद्धा लिहीत नाहीत. त्या प्रामाणिकपणापायीच तर घराची ही कळा झाली.

बाबा कुलपांच्या कारखान्यात आहेत आणि तिथल्या युनियनचे खजिनदार आहेत. त्यांच्या आधी आजोबा तिथेच होते, पॉलिशखात्यात. म्हणजे कुलपं फिरत्या चाकावर धरून चकाकवायची आणि पितळेची भुकटी नाकातोंडात घ्यायची. निवृत्त झाले तेव्हा कंपनीने त्यांना एक कुलूप भेट दिलं, आणि खोकला त्यांनी स्वतःचा स्वतः घरी आणला. युनियनचे पहिले खजिनदार आजोबाच. तेव्हा युनियनचे पैसे एका पत्र्याच्या डब्यात, डबा आजोबांच्या खाटेखाली, आणि डब्याला कुलूप. आता तुम्ही म्हणाल, मग झालं की. अहो, पण कुलूप कुणी बनवलं? यांनीच! युनियनमधला प्रत्येक माणूस ते कुलूप केसातल्या पिनेने उघडू शकत होता. कुणाची पिन मोडली तर बायको दुसरी द्यायची.

आणि गंमत म्हणजे तेव्हा सगळं व्यवस्थित चालायचं. कुणाच्या घरी आजारपण आलं की तो आजोबांकडे गप्पा मारायला यायचा, आजोबा मुद्दाम तोंड धुवायला मागे जायचे, आणि परत येईपर्यंत गप्पा संपलेल्या असायच्या. एकदा डब्यात पैशांच्या जागी कुणाचातरी चष्मा निघाला. पगार झाला, चष्मा गेला, पैसे परत आले. आजोबांनी कधी विचारलं नाही की चष्मा कुणाचा, कारण महिनाभर एक माणूस कारखान्यात भिंतींना धडकत होता, विचारायचं काय त्यात?

पण मग युनियन मोठी झाली आणि नवे अध्यक्ष आले. त्यांना डब्याची लाज वाटली. "खाटेखाली पैसे ठेवतात का? आपण काय म्हाताऱ्या आहोत?" झालं. पैसे गेले बँकेत, आणि खजिनदारी आली बाबांकडे. बँक म्हणाली, पैसे काढायचे तर अध्यक्ष, सेक्रेटरी आणि खजिनदार, तिघांच्या सह्या हव्यात, आणि तिघांनी समक्ष यायला हवं. आता यात अवघड काय? काहीच नाही. फक्त अध्यक्ष आणि सेक्रेटरी एकमेकांशी बोलत नव्हते.

का बोलत नव्हते? पंख्यावरून. ऑफिसात एक टेबलफॅन आहे. अध्यक्षांचं म्हणणं, तो एका जागी स्थिर ठेवावा, म्हणजे त्यांच्यावर. सेक्रेटरींचं म्हणणं, पंखा कामगारांच्या पैशाचा आहे, तो फिरता पाहिजे, सगळ्यांना समान वारा. यावरून एकदा अध्यक्ष म्हणाले, "तुम्हाला घाम येण्याइतकं काम तरी असतं का?" संपलं. त्या दिवसापासून अध्यक्ष सेक्रेटरींशी बाबांमार्फत बोलायचे. दोघे शेजारी शेजारी बसलेले, आणि अध्यक्ष बाबांना म्हणणार, "त्यांना सांगा, खिडकी लावा." आणि सेक्रेटरी बाबांना म्हणणार, "त्यांना सांगा, ऐकू आलं." बँकेत एका रांगेत उभं राहणं तर दूरच. एकदा बाबांनी दोघांना वेगवेगळ्या रिक्षांतून नेलं, तर सेक्रेटरी म्हणाले मी दुसऱ्यांदा सही करणार नाही, अध्यक्ष म्हणाले पहिली सही अध्यक्षाचीच असते, आणि बाबा मधे उभे, हातात पेन, स्वतःचं, युनियनचं नव्हे. तेवढ्यात बँकेची वेळ संपली.

अशी वर्षं गेली. पैसे बँकेत वाढत होते आणि युनियनकडे चहाला पैसे नव्हते. ऑफिस एका शिंप्याच्या दुकानावर, माडीवर आहे. त्याचं भाडं थकलं. शिंपी बिचारा सोशिक माणूस, पण किती सोसणार? एका सकाळी त्याने माडीच्या दाराला भलंमोठं कुलूप घातलं. कुलूप कुठलं? आमच्याच कारखान्याचं! अध्यक्षांनी जिन्यातल्या जिन्यात ते पिनेने उघडलं आणि आत जाऊन सभा घेतली. शिंप्याने दुसरं घातलं. सेक्रेटरींनी उघडलं, आणि शिवाय खाली येऊन त्याला सांगितलं की या मॉडेलची स्प्रिंग कच्ची आहे, पुढच्या वेळी दुसरं घ्या. तेव्हा मात्र शिंप्याने कात्री खाली ठेवली आणि म्हणाला, आता थेट तुमच्या मालकाकडे जाऊन तक्रार करतो.

या धाकाने अध्यक्ष आणि सेक्रेटरी एका रिक्षात बसले. बाबा मधे. सगळे पैसे काढले, भाडं चुकतं केलं, आणि बँकेच्या पायरीवर तिघांनी शपथ घेतली की पुन्हा या बँकेचं तोंड बघायचं नाही. पण आता पैसे ठेवायचे कुठे? सभा भरली. आजोबा मागून म्हणाले, "डबा आहे अजून." कुणी ऐकलं नाही. कारण शिंप्याच्या कुलपाची गोष्ट सगळ्या कारखान्यात झाली होती, आणि जो तो शेजारच्याकडे बघत होता. आपण सगळे पिनवाले! आपण बनवलेल्या कुलपावर आपण विश्वास ठेवायचा? छे! मग सगळ्यांनी हात वर करून ठरवलं की जी आपल्यापैकी कुणाच्या बापालासुद्धा उघडता येणार नाही अशी तिजोरी घ्यायची. किंमत? किंमत कुणी विचारलीच नाही. अध्यक्ष म्हणाले, "सुरक्षिततेच्या बाबतीत भाव करायचा नसतो." टाळ्या.

तुम्हाला कळलं ना पुढे काय झालं? बाबांनाही कळलं, पण दुकानात गेल्यावर. जी तिजोरी या लोकांना उघडता येणार नाही अशी होती, ती एकच होती, आणि तिला युनियनचे सगळे पैसे लागले. सगळे. आणि वर थोडे कमी पडले, ते हप्त्याने. बाबा म्हणाले, अहो पण मग आत काय ठेवायचं? अध्यक्ष म्हणाले, "पैसे काय, येतील. आधी जागा तर पाहिजे." सेक्रेटरी म्हणाले, "बरोबर." पंख्यानंतर पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, आणि ते यावर झालं.

तिजोरी माडीवर नेणार होते. शिंपी जिन्यात आडवा झाला. म्हणाला, हे वर ठेवलंत तर संध्याकाळपर्यंत खाली येईल, मशीनवर, आणि मशीनवर मी असतो. मग? मग काय... खजिनदाराचं घर तळमजल्यावर! आमच्या दाराची चौकट काढली, हमाल घामाघूम झाले, अर्धी गल्ली बघायला जमली, आणि ते ओझं बघून लोकांचे डोळे विस्फारले. "केवढा पैसा असेल हो!" रिकामी होती हो. लोखंडाचंच वजन ते. पण लोक म्हणायला लागले, "आता कंपनीला दाखवू. आपल्याकडे तिजोरी आहे."

तिघांनी ठरवलं होतं की पुढच्या सभेत खरं सांगायचं. पुढच्या सभेत अध्यक्षांना सर्दी झाली.

आणि घरात काय चाललं होतं ते ऐका. चकतीचा आकडा बाबांनी स्वतः ठरवला, आणि विसरू नये म्हणून लग्नाची तारीख ठेवली. तिजोरीला, आमच्या बाबांनी! ज्यांना ती तारीख आजवर एकदाही आठवलेली नाही. पहिल्याच महिन्यात, वर्गणी जमा झाली त्या संध्याकाळी, बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला, अगदी मऊ, "अगं, आपलं लग्न कितव्या तारखेला झालं गं?" आईच्या हातातलं लाटणं थांबलं. ती तारीख म्हणाली, महिना म्हणाली, वर्ष म्हणाली, पदराला हात पुसले, चेहरा असा झाला की मी टेबलावरून उठून तिला जागा दिली... आणि तेवढ्यात ऐकू आलं, कर्र, कर्र, कर्र, खट्. आई परत पोळपाटाकडे वळली. त्या रात्री पोळ्या फार पातळ झाल्या होत्या.

वर्गणी आत ठेवायची, एक रात्र ठेवायची, आणि सकाळी बाहेर काढून दुकानात तिजोरीचाच हप्ता भरायचा. दर महिन्याला हेच! पैसे तिजोरीत फक्त मुक्कामाला यायचे.

त्यात ती वाजायची. रिकामं लोखंड ना. बाहेरून ट्रक गेला की आतून घणघण असा आवाज, आजोबा खोकले की घणघण, मी जोरात दार लावलं की घणघण. आई म्हणाली, निदान थंडीची ब्लँकेटं तरी ठेवू द्या आत, आवाजही थांबेल आणि माझा माळाही मोकळा होईल. बाबा ताडकन उभे राहिले. "युनियनच्या मालमत्तेत घरचं सामान? लोक काय म्हणतील?" आई म्हणाली, "लोक आत बघणार कसे?" बाबा चपला घालून फिरायला गेले.

हे सगळं असंच चाललं असतं, पण पॉलिशखात्यातला धूळ ओढणारा पंखा बंद पडला. म्हणजे आधीही तो नुसता असल्यासारखा होता, आता तर साफ बंद. लोक संध्याकाळी बाहेर यायचे ते पिवळे होऊन, आणि आजोबांसारखं खोकत. तरणी माणसं! आजोबा दारात बसून तो खोकला ऐकायचे आणि आज किती जण खोकले ते बोटांवर मोजायचे. युनियनने मागणी केली, नवा पंखा हवा आणि पगारवाढ हवी. मालक म्हणाले, नाही जमणार. युनियन म्हणाली, मग संप. मालक म्हणाले, "खुशाल करा. खाल काय?"

आणि कामगार, सगळेच्या सगळे, हसले! म्हणाले, आपल्याकडे तिजोरी आहे.

त्या दिवशी बाबांना जेवण गेलं नाही. मी तिजोरीच्या बाजूच्या कोपऱ्यात झोपते, मला दिसतं सगळं. बाबा येऊन तिजोरीसमोर बसायचे आणि तिच्याकडे असे बघायचे की जणू तीच काहीतरी सुचवेल. पॉलिशखात्यातला एकजण तर घरी येऊन सांगून गेला की त्याची बायको घाबरली होती, पण आपल्या तिजोरीचं सांगितल्यावर शांत झोपली. बाबांनी मान हलवली. तो गेल्यावर म्हणाले, "त्याला दोन लहान मुलं आहेत." एवढंच म्हणाले. मग मलाही जेवण गेलं नाही.

आणि संपाला चारच दिवस राहिले असताना दारात कोण? मॅनेजर! आजोबांच्या तब्येतीची चौकशी करायला! इतकी वर्षं आजोबा खोकतायत, आजच ऐकू आलं? आजोबांनीही हात राखला नाही, त्याच्या दिशेने तोंड करून मन लावून खोकले. मॅनेजर "अरेरे" म्हणत होता आणि बघत होता तिजोरीकडे. मी पाणी घेऊन बाहेर आले, ट्रे धरून उभी, मला परत आत जा म्हणायचं कुणाला सुचलंच नाही.

आता हा मॅनेजर आयुष्यभर कुलपांच्या धंद्यात मुरलेला. या लोकांना एक खोड असते, समोर पत्रा आला की टिचकी मारून बघायची, किती जाड, आत काय. तो उठला, सहज उठल्यासारखा, तिजोरीपाशी गेला आणि बोट वाकवून उचललं. मी बाबांकडे बघितलं. बाबांचा चेहरा पांढरा, डोळे मिटलेले. घणघण झालं की सगळं संपलं! पंखा संपला, पगारवाढ संपली, बाबांचं नाव संपलं.

ठप्प.

बाबांनी एक डोळा उघडला. मॅनेजरने जरा खाली वाजवलं. ठप्प. बाजूने वाजवलं. ठप्प! जसं काही आत भिंत आहे. मॅनेजरचा चेहरा उतरला. हळूच म्हणाला, "गच्च भरलीय वाटतं." आणि आमचे बाबा, ज्यांना खोटं बोलता येत नाही, ते म्हणाले, "छे हो, तसं विशेष काही नाही त्यात." मॅनेजरने बाबांकडे असं बघितलं की बापरे, काय पोचलेला माणूस आहे हा. पाणी न पिता गेला.

दार लागलं आणि बाबांनी चकती फिरवली. मधे एकदा थांबले, आईने आतूनच वर्ष सांगितलं. खट्. दार उघडलं आणि बाहेर आल्या दोन उशा. मग ब्लँकेटं, सतरंजी, आजोबांची जुनी गादी, माझे लहानपणचे स्वेटर, अगदी ठासून ठासून भरलेलं! तारीख आईला माहीत होतीच ना, आणि त्याच दिवशी, बाबा कामावर आणि मी शाळेत असताना, तिने माळा मोकळा करून घेतला होता.

बाबांच्या कपाळावरची शीर उडायला लागली. "हे युनियनच्या तिजोरीत?"

आई म्हणाली, "बरं. काढते सगळं. मॅनेजर अजून गल्लीच्या टोकालाही पोचला नसेल, बोलवा परत."

बाबांनी दोन्ही उशा उचलल्या, नीट आत ठेवल्या, आणि दार लावलं.

दोन दिवसांत मालकाने मान्य केलं, पंखा आणि पगारवाढ, दोन्ही! लोक तर नाचले. मग कारखान्याच्या फाटकासमोर मोठी सभा, घरच्यांनाही बोलावलं, मी आजोबांना धरून घेऊन गेले. बाबांनी मला आधीच सांगितलं होतं की आज काहीही झालं तरी ते खरं सांगणार, अध्यक्षांना सर्दी असो नाहीतर ताप. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! खरं सांगितलं की तिजोरी विकतील, टेबल परत खिडकीपाशी येईल...

तर आधी पॉलिशखात्यातला तो मघाचा माणूस बोलायला उठला. त्याचा आवाज भरून आला होता. म्हणाला, "एका तिजोरीने मालकाला वाकवलं. आणि एवढी वर्गणी जाते, ती आता तुडुंब भरली असणार. माझी सूचना आहे, दुसरी घ्यावी."

अशा टाळ्या पडल्या की आजोबांचा खोकला कुणाला ऐकू गेला नाही. अध्यक्ष जमिनीकडे बघत होते. सेक्रेटरी म्हणाले, ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा. बाबा गर्दीतून ओरडत होते, "एक मिनिट, मला बोलायचंय," आणि बोलायला परवानगी मिळावी म्हणून त्यांनी हात वर केला. उंच. सेक्रेटरींनी तो मोजला. सगळ्यांच्या मताने मंजूर!

घरी येताना आजोबा मला म्हणाले, "पोरी, डब्याने कधी कुणाचं टेबल हलवलं नव्हतं."

तुम्हाला म्हणून सांगितलं हं हे, बाहेर बोलू नका. पंखा अजून बसायचा आहे. पुढच्या महिन्यात दुसरी येतेय, स्वयंपाकघरात, दुसरीकडे जमीन तेवढी पक्की नाही. माझं टेबल कुठे जाणार ते मी विचारलंच नाही. अध्यक्ष काल येऊन मापं घेऊन गेले, जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "चिंता नाही बेटा. आपल्याकडे दोन तिजोऱ्या आहेत."

आणि आज संध्याकाळी मी हे मनातल्या मनात जुळवत बसले होते, आई पोळ्या लाटत होती, आणि बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला, अगदी मऊ, "अगं, तुझा वाढदिवस कधी असतो गं?"

आईचं लाटणं थांबलंसुद्धा नाही. म्हणाली, "आधी तिजोरी येऊ दे."